आधी पान मोजा



आज ज्या पुस्तकांविषयी मी बोलणार आहे, ती कुणी उशाशी घेऊन झोपत नाही. ती यंत्राबरोबर येतात. पूर्वी खोकं फोडलं की थर्माकोलच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जाडजूड पुस्तक निघायचं. पहिल्या आठवड्यात त्याला तेलाचे डाग पडायचे, वर्षभरात मुखपृष्ठ जायचं, आणि नेमकं हवं असलेलं पान कुणीतरी फाडून नेलेलं असायचं. आता त्या जागी कागदाचा एक चतकोर असतो. त्यावरची चौकोनी खूण मोबाइलनं टिपायची, की कधी दोनशे तर कधी सहाशे पानांची पीडीएफ मोबाइलमध्ये येऊन बसते. ती हरवत नाही, फाटत नाही, तिला डाग पडत नाहीत. फक्त वाचता येत नाही.

चिंचोटी म्हटलं की बहुतेकांना पावसाळ्यातला धबधबा आठवतो. नाहीतर मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा तो फाटा आठवतो, जिथून कामणमार्गे भिवंडीचा रस्ता निघतो. पण या पट्ट्यात, इकडे वालीव-सातिवलीपासून गोखिवऱ्यापर्यंत, गाळ्यागाळ्यांतून यंत्रं चालतात. कुठं प्लॅस्टिकचे डबे निघतात, कुठं पत्र्याचं काम, कुठं लेथ. मी अशाच एका गाळ्यात विजेच्या देखभालीचं काम बघतो. त्यामुळं आयटीआय करून शिकाऊ म्हणून आलेली मुलं हमखास विचारतात, "काका, पुस्तकं वाचायला काय घेऊ? टॅब की किंडल?" दोन-तीन महिन्यांचं विद्यावेतन साठवलेलं असतं. एखाद्या कंपनीचं नाव आधीच मनात ठरलेलं असतं, माझ्याकडून नुसता होकार हवा असतो.

मी उलट विचारतो, "पुस्तक कुठलं?" आणि मग टेबलाच्या खणातली पोलादी पट्टी त्यांच्या हातात देतो.

कारण असं आहे. कादंबरी म्हणजे पाणी. तांब्यात ओता, वाटीत ओता, ती त्या आकाराची होते. कादंबरीचं ई-पुस्तक बहुधा ई-पब किंवा तशाच जातीचं असतं. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप तुटून खाली सरकतात, पानं वाढतात, मजकुराचं काही बिघडत नाही. तांत्रिक पुस्तक ही लादी आहे. तिच्यात आकृती असते, आकृतीत बाण असतात, बाणांना क्रमांक असतात आणि त्या क्रमांकांचा तक्ता शेजारी असतो. लादी वाटीत बसत नाही. अडोबी कंपनीनं १९९३ साली पीडीएफ बाजारात आणली ती मुळी याच हेतूनं, की पान कुठल्याही संगणकावर उघडा, कुठल्याही छपाईयंत्रावर छापा, ते तसंच्या तसं दिसलं पाहिजे. हा तिचा गुण. आणि लहान पडद्यावर तोच तिचा दोष होतो, कारण पान बदलायचं नाही म्हटल्यावर ते नुसतं आक्रसतं.

किती आक्रसतं ते पट्टी सांगते. यंत्रांची पुस्तकं, आयटीआयची पुस्तकं, भारतीय मानकं ही बहुतेक ए-फोर आकाराची. म्हणजे रुंदी २१० मिलिमीटर, उंची २९७. साडेसहा इंची मोबाइल म्हणतात त्याची पडद्याची रुंदी असते साधारण ६८ मिलिमीटर. म्हणजे पान एक तृतीयांश झालं. पुस्तकात दहा पॉइंटात छापलेलं अक्षर मोबाइलवर सव्वातीन पॉइंटाचं होतं. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा याहून बरा असतो. सहा इंची साधं किंडल घ्या, पडदा ९१ मिलिमीटर रुंद. अक्षर सव्वाचार-साडेचार पॉइंट. म्हणजे ज्या उपकरणाची जाहिरात 'खास पुस्तकांसाठी' अशी असते, ते या पुस्तकांच्या बाबतीत मोबाइलपेक्षा किंचितच बरं ठरतं. त्यात किंडलचा काही अपराध नाही. ते पाण्यासाठी केलेलं भांडं आहे.

"पण काका, दोन बोटांनी मोठं करता येतं की!" येतं. मग पानाचा एक कोपरा दिसतो, आकृती डावीकडे राहते आणि तिचा तक्ता उजवीकडे पळतो. आकृतीत सात नंबर कशाला दिलाय ते बघायला तक्त्याकडे सरकायचं, परत येईपर्यंत सात नंबरच हरवलेला. वाचणाऱ्याचं निम्मं लक्ष सरकवण्यात जातं. आणि इथं चूक झाली तर ती परीक्षेतल्या गुणांपुरती राहत नाही. इंग्रजी आकड्यांतले तीन आणि आठ बारीक अक्षरात जुळ्या भावांसारखे दिसतात. मोटर ३.६ अँपिअरची आणि ड्राइव्हमध्ये भरले ८.६, तर ती मोटर तापत राहील आणि तिला वाचवण्यासाठी बसवलेला ड्राइव्ह शांतपणे बघत राहील. मोटर जळाल्यावर दोष पुस्तकाला जात नाही, पडद्यालाही जात नाही. तो जातो स्क्रू-ड्रायव्हर ज्याच्या हातात होता त्याला.

हाच हिशेब एकदा फार मोठ्या प्रमाणावर राहून गेला होता. 'आकाश' टॅब आठवतो का? ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारनं दिल्लीत त्याचं अनावरण केलं. सरकारला एक नग सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या, विशेषतः अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हातात स्वस्त वाचनयंत्र द्यायचं, ही कल्पना उत्तमच होती. पुढं हे काम आपल्या पवईच्या आयआयटीकडे आलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये 'आकाश-२' निघाला. पहिल्यात स्पर्श ओळखायला बोट दाबावं लागे, दुसऱ्यात ते सुधारलं. प्रोसेसरही वेगवान झाला. पण पडदा दोन्हींत तोच राहिला: सात इंच, ८०० बाय ४८० ठिपके. आता ए-फोर पान उभं धरून ४८० ठिपक्यांत बसवा. दहा पॉइंटाच्या अक्षराच्या वाट्याला उंचीत येतात आठ ठिपके. आठ ठिपक्यांत काना, मात्रा, वेलांटी आणि वरचा रफार! इंग्रजी अक्षर एक वेळ कसंबसं ओळखू येईल. 'ऊर्ध्व' हा शब्द ओळखून दाखवावा. आडवं धरलं तर तेरा ठिपके मिळायचे. किमतीवर भरपूर चर्चा झाली, प्रोसेसरवर झाली. पण विद्यार्थ्याचं पान किती रुंद आहे, हा प्रश्न त्या गदारोळात मला कुठं ऐकू आला नव्हता.

मोठा पडदा घेतला म्हणजे सगळं सुटतं असंही नाही. अमेरिकेत २००९ साली ॲमेझॉननं पावणेदहा इंचाच्या जवळपासचं 'किंडल डीएक्स' काढलं, ते खास पाठ्यपुस्तकं डोळ्यांसमोर ठेवून. काही विद्यापीठांनी ते प्रयोग म्हणून विद्यार्थ्यांना दिलं. वॉशिंग्टन विद्यापीठात तर ते संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दिलं होतं, म्हणजे उपकरणाला घाबरणारी ही मंडळी नव्हेत. सात महिन्यांनी पाहिलं तर त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांनी अभ्यासाच्या वाचनासाठी त्याचा नियमित वापर सोडून दिला होता. कारण अभ्यासाचं वाचन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ होत नाही. ते उड्या मारत होतं. मागं बघा, पुढं बघा, आकृती परत बघा, कडेला टीप लिहा. कागदी पुस्तकात आपल्याला आठवतं, ते सूत्र डाव्या पानावर, खाली, पुस्तकाच्या साधारण मध्यावर होतं. बोट आपोआप तिथं जातं. त्या संथ पडद्यावर ही आठवण उपयोगी पडेना.

देखभालीच्या कामात तर उड्याच उड्या. ड्राइव्हच्या खिडकीत फॉल्ट क्रमांक दिसला की शेवटच्या प्रकरणात तो क्रमांक शोधायचा. तिथं म्हणतात अमुक पॅरामीटर बघा. तो मधल्या प्रकरणात. तिथं म्हणतात जोडणी तपासा. ती आकृती सुरुवातीला. यंत्र थांबलेलं असतं, मालक पाठीशी उभा असतो, त्याचा मोबाइल सारखा वाजत असतो. अशा वेळी पान उलटायला पडद्यानं एक-एक सेकंद घेतला तर तो सेकंद फार मोठा असतो.

आता त्या ई-इंकविषयी, कारण टॅब की किंडल या प्रश्नाचं मूळ तिथं आहे. या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, कुपीत काळे आणि पांढरे कण द्रवात तरंगतात, आणि विजेच्या भारानं काळे वर आले की अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. वीज लागते ती पान बदलताना. म्हणून एकदा चार्ज केलं की दिवसेंदिवस चालतं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की टॅबवाला घड्याळाकडे बघतो, ई-इंकवाला निवांत असतो. शिवाय हा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडानं दिसतो. भर दुपारी शेडच्या बाहेर उभं राहून वाचा, चकाकी नाही. आठ तास पाळी करून घरी आलेल्या माणसाला रात्री दोन तास अभ्यास करायचा असेल तर डोळ्यांना हा पडदा मानवतो, असं अनेकांचं सांगणं आहे आणि माझंही तेच मत आहे.

पण एक गोष्ट विजेच्या माणसानं विसरू नये. आपले तीन फेज म्हणजे आर-वाय-बी, लाल, पिवळा, निळा. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगीत आकृती उघडली की लाल आणि निळा दोन्ही करडे होतात आणि पिवळा जवळजवळ दिसेनासा होतो. तीन तारांची आकृती दोन तारांची झाली, त्याही ओळखू न येणाऱ्या. रंगीत ई-इंक आता निघाली आहे, पण तिच्यात रंगाची बारकाई काळ्या अक्षरापेक्षा निम्मी असते आणि पडदाही जरा मळकट दिसतो. ज्याच्या पुस्तकात आकृत्या रंगीत आहेत त्यानं साधा टॅब घ्यावा, यात मला फारशी शंका वाटत नाही. गणिताचं, संगणकाच्या भाषांचं, सिव्हिलच्या मानकांचं पुस्तक असेल, तर काळं-पांढरं पुरतं.

मग आकार किती? पुन्हा पट्टी. दहा इंची टॅबचा पडदा साधारण १३६ मिलिमीटर रुंद आणि २१७ उंच असतो. उभा धरला तर अक्षर साडेसहा पॉइंटाचं. पण आडवा धरा: २१७ मिलिमीटरमध्ये ए-फोरची २१० ची रुंदी पूर्ण बसली! पान अर्ध्याहून थोडं कमी दिसतं, पण मूळ मापात दिसतं, आणि फक्त वर-खाली सरकवावं लागतं, डावी-उजवीकडे नाही. ही डावी-उजवीकडची सरकवासरकव गेली की निम्मा त्रास गेला. १०.३ इंची ई-इंकचा पडदा १५७ बाय २१०, तोही आडवा धरला की नेमका ए-फोरच्या रुंदीचा. शिवाय पानाला समास असतात. बऱ्याच वाचनाच्या ॲपमध्ये समास कापून टाकायची सोय असते आणि ती लोक वापरत नाहीत. समास गेले की मजकूर उरतो १६०-१७० मिलिमीटरचा, आणि मग हीच पाटी उभी धरूनसुद्धा जवळजवळ मूळ मापाचं अक्षर मिळतं. १३.३ इंचाच्या पाट्याही मिळतात, तिथं अख्खं पान जवळपास पुऱ्या मापात दिसतं, पण किंमत ऐकून मुलं विषय बदलतात. दहा इंची ई-इंकसुद्धा साध्या टॅबच्या दुप्पट-तिप्पट पडते.

मराठी पुस्तकांची आणखी एक अडचण आहे. पुस्तकं नाहीत अशी तक्रार आता करता येणार नाही. चेन्नईच्या 'निमी' संस्थेची आयटीआयची पुस्तकं मराठीत आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं पदविका आणि पदवीची पुस्तकं भारतीय भाषांत काढून 'ई-कुंभ' संकेतस्थळावर मोफत ठेवली, त्यांत मराठी आहे. भारतीय मानकंही बहुतेक नोंदणी करून फुकट उतरवता येतात. वायरिंगचं आयएस ७३२, अर्थिंगचं आयएस ३०४३, ज्याला हवं त्यानं घ्यावं. अडचण अक्षरांची आहे. युनिकोड रुळण्याआधीच्या अक्षरसंचात जुळवलेली मराठी पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण आत तिची अक्षरं इंग्रजी चिन्हांवर बसवलेली असतात. तुम्ही 'अर्थिंग' शब्द शोधायला सांगा, यंत्र म्हणतं असा शब्दच नाही. तपासायची रीत सोपी आहे: एक ओळ उचलून संदेशाच्या खिडकीत चिकटवा. मराठी उमटली तर ठीक. भलतीच चिन्हं उमटली तर त्या पुस्तकात शोधणं होणार नाही, आणि 'मजकूर पडद्यानुसार वळवून दाखवा' ही सोयही चालणार नाही. म्हणजे मोठ्या पडद्याला पर्याय नाही. अशा पुस्तकात मी पहिल्याच दिवशी महत्त्वाच्या पानांना खुणा करून घ्यायला सांगतो. अर्धा तास जातो, पण पुढची दोन वर्षं वाचतात.

आणि पुस्तक आपल्याच ताब्यात राहील असं उपकरण बघावं. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलानं अभ्यासासाठी त्यावर टिपणं केली होती. ज्या मजकुरावर ती होती तो मजकूरच गेला, टिपणं निरर्थक झाली. तो कोर्टात गेला. कादंबरी परत विकत घेता येते हो, पण आपल्या यंत्रावर, आपल्या हातानं केलेली टीप कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून ज्यात आपली पीडीएफ साध्या वायरीनं घालता येते, टिपांसकट बाहेर काढता येते आणि नेट नसताना उघडता येते, तेच उपकरण कामाचं. तुंगारेश्वरच्या डोंगराकडेला पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. ढगातलं पुस्तक ढगातच राहतं.

तेव्हा मी सांगतो ते असं. गाळ्यात, यंत्राजवळ वापरायला दहा-अकरा इंची साधा टॅब. जाड रबरी कव्हर घालून. हात तेलकट असतात, तो पडणार आहे हे धरूनच चाला. खरं म्हणजे हा टॅब मुलानं स्वतःच्या विद्यावेतनातून घ्यायचाच नाही, तो गाळ्यानं घ्यायचा आणि पॅनेलजवळ टांगून ठेवायचा. यंत्र एक पाळी बंद राहिलं तर जे नुकसान होतं त्याच्यापुढं टॅबची किंमत काय! बरेच मालक पाना-पकड घेतात, मल्टिमीटर घेतात, पण पुस्तक वाचायचं साधन ही कामगाराची खाजगी बाब समजतात. हे मला पटत नाही.

घरी बसून लांबलचक वाचणाऱ्याला, पर्यवेक्षकाच्या परीक्षेला किंवा पदविकेला बसणाऱ्याला, ऐपत असेल तर दहा इंची ई-इंक. ऐपत नसेल तर जुना लॅपटॉप शोधावा. त्याचा पडदा टॅबपेक्षा मोठा असतो. बॅटरी मेलेली असली तरी चालतं, वायर लावून वाचा. आणि सहा इंची वाचनयंत्र ज्याच्याकडे आधीच आहे त्यानं त्यावर खुशाल कथा-कादंबऱ्या वाचाव्यात.

ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्यानं तो आडवा धरावा. दीडशे मिलिमीटर रुंदी मिळते, अक्षर सात पॉइंटाच्या वर जातं; समास कापले तर नऊच्या आसपास. पान तुकड्या-तुकड्यांनी दिसेल, पण ओळ पूर्ण दिसेल. आणि फॉल्ट क्रमांकांचा तक्ता, टर्मिनलची आकृती, मोटरचे आकडे अशी जी पाच-सहा पानं पुन्हा पुन्हा लागतात, ती सरळ झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणावीत, लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराला आतून लावावीत. त्याला चार्जिंग लागत नाही, आणि रात्रपाळीच्या पोराला पासवर्ड विचारावा लागत नाही.

आणि दुकानात जाल तेव्हा तिथं लावलेलं फुलांचं, समुद्रकिनाऱ्याचं चित्र बघू नका. आपल्या पुस्तकातलं सगळ्यात वाईट पान बरोबर न्या, बारीक तक्ता, दाट आकृती, फिकट स्कॅन. ते उघडायला सांगा. हातभर अंतरावर धरा आणि त्यातला एक आकडा वाचा. मग तिथून चारशे पानं पुढं उडी मारा आणि परत या. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे.